सॉफ्टवेअर प्रोसेसचं ‘संपूर्ण पॅकेज’: वापरणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक एकट्या एका कागदाला आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

कशाचा रिव्ह्यू ते आधी सांगते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांना ‘प्रोसेस’ बसवून देणाऱ्या सल्लागार कंपन्या असतात. त्यांची माणसं येतात, आठवडाभर सगळ्यांना प्रश्न विचारतात आणि मग टेम्पलेट, फॉर्म, मंजुरीच्या पायऱ्या, ट्रेनिंग, ऑडिट आणि हे सगळं ज्यात भरायचं ते टिकेटिंग टूल, असा अख्खा संच हातात ठेवतात. आमच्या कंपनीने असा संच घेतला आणि आम्ही तो वर्ष उलटून जाईपर्यंत इमानेइतबारे वापरला. कोणाकडून घेतला ते लिहीत नाही. दुसऱ्या कंपन्यांमधल्या ओळखीच्यांशी बोलल्यावर माझं मत झालंय की हे संच आतून बरेचसे सारखेच असतात, त्यामुळे नावाने फारसं काही बिघडत नाही.

माझं काम रिलीजचं. कोड तयार झाला की बिल्ड, म्हणजे चालवता येईल अशी आवृत्ती, काढायचा, स्टेजिंगवर (आमच्या चाचणीच्या जागेवर) चढवायचा, तिथे ठीक वाटलं की प्रॉडक्शनवर, म्हणजे क्लायंट प्रत्यक्ष वापरतात तिथे. आणि रात्री काही पडलं तर फोन माझा वाजतो. आम्ही गोदामातला साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवतो. ते बंद पडलं तर कोणाचा जीव जात नाही, पण ट्रक दारात उभे राहतात आणि सुपरवायझरपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे आमचा उद्धार करतात.

संच घेण्याआधी आमच्याकडे रामराज्य होतं असा कोणाचा समज नको. प्रॉडक्शनवर कोणी काय कधी चढवलं हे चॅटमध्ये मागे मागे जाऊन शोधावं लागायचं. एकदा साठा दुरुस्त करणारी एक स्क्रिप्ट दोघांनी आपापल्या परीने चालवली, एकाने संध्याकाळी आणि दुसऱ्याने रात्री, आणि एका क्लायंटच्या गोदामात होता त्याच्या दुप्पट माल दिसायला लागला. त्यामुळे मॅनेजमेंटने ‘आता नीट प्रोसेस आणू या’ म्हटलं तेव्हा सगळ्यात आधी मान डोलावणाऱ्यांमध्ये मी होते. दोन मोठ्या टेंडरमध्ये प्रोसेसचं सर्टिफिकेट मागितलं होतं हेही खरं. पण ते नसतं तरी मला शिस्त हवीच होती.

आता फॉर्म. माझा सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला.

नाव चेंज रिक्वेस्ट, बोलताना सीआर. प्रॉडक्शनवर काहीही बदलायचं तर सीआर भरायचा. डेटाबेसमधल्या टेबलाची रचना बदलायची असो की स्क्रीनवरच्या एका बटणाचं स्पेलिंग दुरुस्त करायचं असो, फॉर्म एकच, रकाने तेवढेच, सह्या तेवढ्याच. सह्या सात. स्पेलिंगच्या त्या दुरुस्तीला दोन गुरुवार थांबावं लागलं (गुरुवारच का, ते सांगतेच), आणि तोवर क्लायंटकडच्या एका माणसाने त्याच बटणाबद्दल पुन्हा एक टिकेट, म्हणजे तक्रार, टाकलं.

त्या फॉर्ममध्ये ‘व्यावसायिक परिणाम’ असा एक रकाना होता. त्यात जास्त, मध्यम, कमी यातलं एक निवडायचं. ‘जास्त’ निवडलं की टूल आपोआप आणखी एका वरिष्ठाची मंजुरी मागायचं, आणि ते साहेब नेमके तेव्हा मीटिंगमध्ये. ‘कमी’ निवडलं तर बदलांना मंजुरी देणाऱ्या बोर्डात कोणीतरी हमखास विचारायचं, ‘परिणाम कमीच आहे तर एवढी घाई कशाला?’ महिना-दोन महिन्यांत अख्ख्या कंपनीचे सीआर ‘मध्यम’ झाले. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कोणाला शिकवलंही नव्हतं. सल्लागारांच्या तिमाही अहवालात मग एक गोल चार्ट आला. जवळपास सगळा एकाच रंगाचा. खाली निष्कर्ष: बदलांमधली जोखीम नियंत्रणात आहे.

फॉर्म लांब असण्याला माझी तक्रार नाही, हे आवर्जून लिहिते, कारण असं काही बोललं की ‘या लोकांना शिस्तच नको असते’ असा शेरा लगेच येतो. विमानात बसवायच्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी नावाचं मानक आहे, ते वाचून बघा. त्यात सॉफ्टवेअर चुकलं तर काय होईल यावरून पाच पातळ्या पाडल्यात. ज्याच्या चुकीने विमान पडू शकतं त्या ए पातळीला ७१ उद्दिष्टं पुरी करावी लागतात. डी पातळीला २६. आणि ज्याच्या चुकीने उड्डाणाच्या सुरक्षिततेला काहीच धोका नाही त्या ई पातळीला शून्य. विमानाइतक्या जोखमीच्या कामातसुद्धा शून्य लिहायची हिंमत त्या लोकांनी दाखवली. आमच्या पॅकेजात स्पेलिंगला सात सह्या.

गुरुवारी बोर्ड बसायचं. चेंज बोर्डात वेगवेगळ्या विभागांचे प्रमुख: सेल्स, सपोर्ट, फायनान्स, डेव्हलपमेंटचे दोघे, सल्लागारांचा एक माणूस, आणि कोपऱ्यात मी, कारण यादी वाचून दाखवायचं काम माझं. संवाद साधारण असा व्हायचा. (त्यातला रोलबॅक म्हणजे बिघडलं तर मागच्या आवृत्तीवर परत जाणं.)

‘हा कशाचा बदल आहे?’

‘रिपोर्टमधली तारीख चुकीची येते, ती दुरुस्ती, सर.’

‘टेस्टिंग झालंय ना?’

‘झालंय, सर.’

‘रोलबॅक प्लॅन आहे?’

‘आहे, सर. फॉर्ममध्ये लिहिलाय.’

‘ओके. नेक्स्ट.’

यात कोणाचाही दोष काढावा असं नाही. फायनान्सच्या प्रमुखांनी कोड उघडून बघावा अशी अपेक्षा मी तरी कशी ठेवणार? ते त्यांना शक्य असलेला एकमेव प्रश्न विचारत होते, आणि त्याचं शक्य असलेलं एकमेव उत्तर मी देत होते. या पॅकेजमध्ये तपासणीच्या नावाखाली आम्हाला मुख्यतः परवानगी मिळाली, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. परवानगी मागायला कागद पुरतो. तपासायला कोणीतरी बसून ती गोष्ट चालवून बघावी लागते.

आणि बोर्ड आठवड्यातून एकदाच बसतं याचा परिणाम पॅकेज विकणाऱ्यांनी कुठल्याच स्लाइडवर दाखवला नव्हता. पूर्वी दिवसाला एक-दोन लहान बदल जायचे. आता शुक्रवार ते बुधवार सगळं साचायचं आणि गुरुवारी मंजूर होऊन त्याच रात्री एकदम चढायचं. एक बदल चढवल्यावर काही बिघडलं तर कोणी बिघडवलं हे शोधायला डोकं लागत नाही. पंधरा-वीस बदल एकत्र चढवले आणि मग स्क्रीन हळू झाली, तर शोधत बसा. बरं, बिघाड झाला की उपाय काय? आणखी कडक मंजुरी. मंजुरी कडक झाली की लोक बदल आणखी साठवून आणणार, गठ्ठा आणखी मोठा होणार.

अशाच एका गुरुवारच्या रात्रीचं सांगते. गठ्ठ्यात एका डेव्हलपरचा डेटाबेस मायग्रेशन होता: दोन कॉलमची माहिती एका नव्या कॉलममध्ये हलवायची आणि जुने कॉलम काढून टाकायचे. त्याच्या सीआरमध्ये रोलबॅक प्लॅनच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मागील आवृत्ती पुन्हा चढवणे’. हे वाक्य जवळपास प्रत्येक सीआरमध्ये असायचं, आधीच्या सीआरवरून उचललेलं. रात्री बारकोड स्कॅन करायची स्क्रीन अडकायला लागली. तिचा या मायग्रेशनशी काही संबंध नव्हता, भानगड दुसऱ्याच बदलाची होती. पण ठरल्याप्रमाणे मी मागची आवृत्ती चढवली, आणि ती सुरूच होईना. होणार कशी? तिला जे जुने कॉलम हवे होते ते आम्ही तासाभरापूर्वीच काढून टाकले होते. डेटाबेस बघणाऱ्या सहकाऱ्याने बॅकअपमधून ते कॉलम परत उभे केले तोवर पहाटेची शिफ्ट गोदामात येऊन हातावर हात ठेवून बसली होती.

त्या सीआरवर सातही सह्या होत्या, आणि सगळ्या खऱ्या. कोणी चुकवाचुकवी केली नव्हती, कोणी नियम मोडला नव्हता. रोलबॅक स्टेजिंगवर एकदा करून बघायला अर्धा तास लागला असता, पण तो अर्धा तास प्रोसेसमध्ये कुठेच नव्हता.

सल्लागारांनी यावर काय सुचवलं? फॉर्ममध्ये एक नवीन चौकट: ‘रोलबॅक प्लॅनचे पुनरावलोकन केले आहे’. टिक करायची.

यानंतर जे झालं ते कुठल्याही रिलीजवाल्याला सांगायला नको. इमर्जन्सी सीआर नावाची एक चोरवाट पॅकेजमध्येच होती. तातडीच्या वेळी एकाच सहीवर चढवा, बाकीचे कागद नंतर भरा. सुरुवातीला ती अधूनमधून वापरली जायची. मग लोकांना गुरुवारची वाट बघवेना आणि तातडीच्या कामांना पूर आला. म्हणजे सगळ्यात कमी तपासलेला रस्ता सगळ्यात जास्त वाहता झाला, आणि तोही प्रोसेसच्या चौकटीत राहून.

हे फक्त आमचं रडगाणं असेल असं वाटून मी थोडं वाचलं. डोरा या नावाने ओळखलं जाणारं एक संशोधन आहे, त्यात वर्षानुवर्षं जगभरच्या सॉफ्टवेअरवाल्यांना प्रश्नावल्या पाठवून कोणत्या सवयींबरोबर कोणता निकाल येतो ते बघतात. २०१९ च्या अहवालात त्यांनी बाहेरच्या मंजुरीचा प्रश्न घेतला होता. जिथे बदलाला टीमबाहेरच्या बोर्डाची किंवा वरिष्ठाची औपचारिक मंजुरी लागते, त्या टीम सर्वात मागच्या गटात असण्याची शक्यता २.६ पट जास्त निघाली. आणि अशा मंजुरीमुळे फसणाऱ्या बदलांचं प्रमाण कमी होतं याचा पुरावा त्यांना सापडला नाही. वेग गेला तर गेला, निदान सुरक्षितता तरी येईल म्हणून आम्ही हा सगळा पसारा मांडला होता. तीही येत असल्याचं दिसत नाही, असा त्याचा अर्थ.

पण हे सर्वेक्षण आहे, प्रयोग नाही. ज्यांची घडी आधीच विस्कटलेली असते तेच जास्त मंजुऱ्या लावत असतील, असंही म्हणता येईल. आमचंच उदाहरण बघा ना, दुप्पट माल दिसला म्हणूनच तर पॅकेज आलं. त्यामुळे त्या आकड्यावर मी सगळा भार टाकणार नाही. आमच्या बोर्डात कोड कोणी वाचत नव्हतं, हे मात्र मी स्वतः दर गुरुवारी बघत होते.

ट्रेनिंगबद्दल लिहायला हवं, कारण पॅकेजच्या किमतीचा बराच भाग तोच असतो. ट्रेनर माणूस हुशार, आवाज चांगला, गोष्टी रंगवून सांगायचा. त्याची लाडकी गोष्ट नासाच्या स्पेस शटलची. शटलवरच्या उड्डाणाच्या सॉफ्टवेअरचा कोड सुमारे ४,२०,००० ओळींचा, आणि १९९० च्या दशकात त्याच्या लागोपाठच्या तीन आवृत्त्यांमध्ये प्रत्येकी एकच चूक सापडली होती. खरी गोष्ट आहे, आणि त्यांची प्रोसेस जडच होती. फक्त ती कशाने जड होती, ते स्लाइडवर नव्हतं. त्या गटात चूक सापडली की ती दुरुस्त करून लोक थांबत नसत. ती चूक आपल्या चाळणीतून सुटली कशी हे शोधून चाळणी दुरुस्त करायची, आणि तशीच चूक उरलेल्या कोडमध्ये आणखी कुठे बसलीय का हे बघायचं. त्यासाठी सुमारे २६० माणसं होती आणि त्यांच्यासमोर जवळजवळ न बदलणारं एकच काम होतं. आमच्याकडे दर आठवड्याला क्लायंटला काहीतरी नवीन हवं असतं. त्या २६० जणांचं काम आम्ही कोणत्या रकान्यात भरायचं होतं, कोण जाणे.

दुसरी गोष्ट घाबरवण्यासाठी होती: नाइट कॅपिटल. १ ऑगस्ट २०१२. अमेरिकन शेअर बाजारातली ही कंपनी. नवीन कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातांवरच चढला. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, तो जागा झाला आणि कंपनीच्या नावाने ऑर्डरी सोडत सुटला. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. ‘म्हणूनच तर चेंज बोर्ड लागतं!’ असं म्हणून ट्रेनर पुढच्या स्लाइडवर गेला.

मी घरी जाऊन अमेरिकन बाजार नियामकाचा, म्हणजे एसईसीचा, त्या प्रकरणातला आदेश वाचला. (वाचण्यासारखा आहे, सरकारी कागद असूनही.) त्यात काय लिहिलंय? कोड चढवणाऱ्या तंत्रज्ञाचं काम दुसऱ्या तंत्रज्ञाने पडताळून पाहिलं नाही, आणि तशी पडताळणी करायला सांगणारी लेखी पद्धतच कंपनीत नव्हती. त्या सकाळी बाजार उघडण्याआधी कंपनीच्याच एका यंत्रणेने या गडबडीकडे बोट दाखवणाऱ्या ९७ ईमेल पाठवल्या होत्या, त्यांच्याकडेही कोणाचं लक्ष गेलं नाही. म्हणजे तिथे प्रोसेस कमी पडली हे शंभर टक्के खरं. पण कमी पडली ती दुसरी माणसाची नजर आणि आठपर्यंत मोजणं. विभागप्रमुखांच्या बैठकीत सर्व्हर कोण मोजणार होतं? आमच्या फॉर्मच्या एवढ्या रकान्यांमध्ये ‘सर्व्हर किती आहेत आणि सगळ्यांवर एकच आवृत्ती आहे का’ हा प्रश्न नव्हता.

ट्रेनिंगमध्ये आमच्या एका जुन्या प्रोग्रामरने हात वर करून एरियान-५ बद्दल विचारलं. ४ जून १९९६ ला त्या रॉकेटचं पहिलंच उड्डाण होतं, आणि इंजिन पेटल्यावर साधारण ३७ सेकंदांत ते भरकटून फुटलं. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत कोंबताना मावली नाही. तो कोड आधीच्या एरियान-४ मधून जसाच्या तसा आणलेला. ट्रेनर म्हणाला, ‘बघा, रिव्ह्यू न केल्याचा परिणाम.’ आमचे प्रोग्रामर शांतपणे म्हणाले, ‘नाही सर, रिव्ह्यू झाले होते. कोणत्या संख्यांना संरक्षण द्यायचं आणि कोणत्यांना नाही, हा निर्णय प्रकल्पातल्या भागीदारांनी करारांच्या अनेक पातळ्यांवर मिळून घेतला होता, असं चौकशी समितीच्या अहवालात आहे. एरियान-५ चा प्रत्यक्ष मार्ग घालून ती यंत्रणा चालवून मात्र कोणी बघितली नव्हती.’ त्यावर ट्रेनर म्हणाला, ‘गुड पॉइंट. ब्रेक घेऊ या.’

रिक्वायरमेंटच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं ते लिहायच्या, टेम्पलेटबद्दल फार लिहीत नाही. ते लांबलचक आहे, आणि अर्ध्या मथळ्यांखाली ‘लागू नाही’ लिहावं लागतं. कागद जाड असला म्हणजे काम कळलं असं होत नाही, याला अमेरिकेच्या एफबीआयचा व्हर्च्युअल केस फाइल प्रकल्प पुरेसा आहे. आठशेहून जास्त पानांच्या रिक्वायरमेंट होत्या, सुमारे १७ कोटी डॉलर गेले आणि २००५ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. त्याला इतरही कारणं होती, एकट्या कागदाचं ते पाप नव्हे. पण कागदाने वाचवलंही नाही.

ऑडिट. ऑडिटर बाई कडक, पण सरळ. त्यांना ‘एव्हिडन्स’ लागायचा. डिझाइनवर चर्चा झाली? मिनिट्स दाखवा. आता चर्चा झालेली असायची, फळ्यासमोर उभं राहून, दोघं-तिघं मार्कर घेऊन. तिचे मिनिट्स कोण लिहितो? ऑडिटच्या आदल्या आठवड्यात मिनिट्सचा पाऊस पडायचा. दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या चर्चेत कोण काय बोललं हे आठवून लोक लिहायचे, आणि आठवलं नाही तर जे बोलायला हवं होतं ते लिहायचे. त्या आठवड्यात बग दुरुस्त होत नसत. ऑडिटचा निकाल नेहमी उत्तम.

इथे मला एक गोष्ट उशिरा समजली आणि ती समजल्यावर माझा राग बराच उतरला. अशी पॅकेजं आणि सर्टिफिकेटं ज्यांवर बेतलेली असतात त्या मॅच्युरिटी मॉडेलांचं, म्हणजे कंपनीची प्रोसेस किती पक्की आहे ते मोजणाऱ्या मोजपट्ट्यांचं, मूळ अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे जातं. त्यांच्या पैशावर १९८४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. अमेरिकन हवाई दलाला कंत्राट देण्याआधी कंत्राटदाराची कुवत मोजायची काही पद्धत हवी होती. वॉट्स हम्फ्री यांच्या नेतृत्वाखाली तिथे जे काम झालं, त्यातून पुढे पाच पातळ्यांचं सीएमएम (कपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल) आलं. म्हणजे ही मोजपट्टी मुळात विकत घेणाऱ्यासाठी बनली. तो लांब बसलेला असतो, त्याला कोड दिसत नाही, आमची टीम दिसत नाही. त्याला दिसतो तो कागद. त्याच्या जागी मी असते तर मीही सर्टिफिकेट मागितलं असतं. टेंडरसाठी ते कामाला आलं, आणि त्यातलं एक आम्हाला मिळालंही. तारे दोन दिलेत ते म्हणूनच. एक तारा या सर्टिफिकेटचा.

दुसरा तारा त्या कागदाचा.

सल्लागारांच्या टीममध्ये एक नवखा मुलगा होता. साहेब लोक मॅनेजमेंटबरोबर बसलेले असताना हा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा. मी रिलीज करताना नुसता बघायचा, मध्येच विचारायचा, ‘मॅडम, मागच्या वेळी बिघडलं तेव्हा नेमकं काय झालं होतं?’ मी सांगायचे, तो वहीत लिहायचा. डेटाबेसवाल्याला विचारलं, सपोर्टला रात्री फोन घेणाऱ्यांना विचारलं. पंधरवड्याने त्याने नऊ ओळींचा एक कागद आणून दिला. त्याची प्रत्येक ओळ म्हणजे आमच्याकडे खरोखर घडलेला एकेक घोटाळा. स्क्रिप्ट आधी चालली आहे का, हे लॉगमध्ये बघितलं? मायग्रेशन असेल तर मागे येऊन बघितलं का, स्टेजिंगवर, आज? सर्व्हर मोजले? चढवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी मोजले? मोठ्या क्लायंटच्या गोदामात आत्ता ट्रक लागलेत का? असं. बारकोडच्या त्या रात्रीनंतर मी स्वतः त्यातल्या मायग्रेशनच्या ओळीखाली जाड रेघ मारली. तो कागद रिलीजच्या वेळी दोघं जण मिळून वाचतात, एक मोठ्याने, दुसरा स्क्रीनवर बघत. पाच-सात मिनिटं लागतात.

पॅकेजच्या अधिकृत यादीत या कागदाचा उल्लेखही नव्हता. त्याला डॉक्युमेंट नंबर नाही. ऑडिटमध्ये दाखवला तर ऑडिटर बाई म्हणाल्या, ‘चांगलाय, पण टेम्पलेटमध्ये नाही.’

कोड रिव्ह्यूचंही थोडं चांगलं झालं. ‘लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याने वाचलेला असावा’ ही पॅकेजची अट मुळात फॉर्मवरची सही होती. आमच्या डेव्हलपर मंडळींनी ती रिपॉझिटरीतच, म्हणजे सगळा कोड जिथे साठवतात तिथेच, बसवली, म्हणजे दुसऱ्याने वाचून होकार दिल्याशिवाय कोड मुख्य शाखेत जातच नाही. सुरुवातीला कुरकुर झाली. आता रिव्ह्यूमध्ये खरोखर भांडणं होतात, आणि सुटलेले बग तिथे पकडले जातात. बोर्डाला वर्षभरात एकही पकडता आला नाही, हे यादी वाचणारी म्हणून खात्रीने सांगते.

घ्यायचा विचार करत असाल तर सेल्सवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: एखादी पायरी काढून टाकायची असेल तर कशी काढायची? आमच्या पॅकेजमध्ये नवीन पायरी घालायला सुटसुटीत फॉर्म होता. काढायची सोय नव्हती. शेवटी बोर्डाचं काम कमी करायचा प्रस्ताव सीआर म्हणूनच भरावा लागला, बोर्डापुढेच ठेवावा लागला. परिणाम ‘मध्यम’ लिहिला. दोन मिनिटांत मंजूर झाला. मला वाटतं त्यांनाही गुरुवारची दुपार मोकळी हवी होती.

आता बोर्ड फक्त मायग्रेशनसाठी आणि एकाच वेळी बऱ्याच क्लायंटना हात लावणाऱ्या बदलांसाठी बसतं, आणि त्यात डेटाबेसवाला असल्याशिवाय बसत नाही. बाकीचं कोड रिव्ह्यू आणि नऊ ओळींच्या कागदावर जातं, तयार झालं की लगेच, एकेक करून. बिघाड थांबलेत असं अजिबात नाही. नुकताच एक झाला, लेबल छापणारा भाग बंद पडला. त्या दुपारी चढवलेला बदल एकच होता, त्यामुळे शोधाशोध करावी लागली नाही. तो काढला, छपाई सुरू झाली. इमर्जन्सी सीआर अजून आहेत, पण आता त्यांना खरंच घाईचं कारण असतं.

नूतनीकरणाच्या वेळी मॅनेजमेंटने माझं मत विचारलं. मी म्हटलं, सर्टिफिकेट लागतं तर ऑडिट ठेवा, ट्रेनिंग आणि टेम्पलेट सोडा, आणि तो नवखा मुलगा दर तिमाहीला दोन दिवस आमच्या शेजारी बसायला मिळतो का बघा, त्याचे वेगळे पैसे द्या. सल्लागार कंपनीकडून उत्तर आलं की ऑडिट सुटं देता येईल, पण माणूस शेजारी बसवण्याची सेवा त्यांच्या दरपत्रकात नाही. आम्ही ऑडिट घेतलं.